झाडाखालची सोळा अक्षरं

लिडिया ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. मेरिलचा ट्रक आवारात शिरला, दार आपटल्याचा आवाज आला, तरी तिने मान वर केली नाही. एप्रिलपासून बहीणभावात बोलणं नव्हतं. गाव एवढंसं; धक्क्यावर, चर्चबाहेर, टपाल कचेरीत गाठ पडायचीच. पण गाठ पडली की लिडिया पिशवीत काहीतरी शोधू लागायची आणि मेरिल समुद्राकडे बघत उभा राहायचा, जणू अठ्ठावन्न वर्षांत तो त्याने कधी पाहिलाच नव्हता.

आज मात्र सुटका नव्हती. तीन जुलैला सगळ्यांनी आईकडे जमायचं, सॅमन मासा, नवे बटाटे आणि ताजे वाटाणे खायचे, आणि जेवणाआधी झेंडा उलगडून एकदा नीट बघून घ्यायचा, कुठे विरलाय का, कुठे टाका सुटलाय का, ही थर्लो घराची रीत. वडील गेले त्या वर्षीही ती मोडली नव्हती. शिडाच्या पांढऱ्या जाड कापडावर हिरव्या पाइनचं एकच झाड, एवढाच तो झेंडा. आईने तरुणपणी शिवलेला. पन्नासच्या वर वर्षं हॅलेट्स हार्बरची चार जुलैची मिरवणूक त्याच्याच मागून निघत होती. आणि उद्याची चार जुलै साधी नव्हती, देशाच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं पुरी होत होती.

"आणलास का रे?" आतून आईचा आवाज आला.

"आणला," मेरिल म्हणाला. त्याच्या काखेत झेंड्याचं गुंडाळं होतं. मागून त्याची मुलगी टॅमसिन उतरली. चोवीस वर्षांची पोर, बापाच्याच बोटीवर शेवंडीचे पिंजरे ओढायची, पण मतांनी आत्याच्या बाजूची. तिने लिडियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आत्या, आज सांभाळून घे गं."

"मी कशाला काय बोलतेय," लिडिया म्हणाली आणि शेंग जरा जास्तच जोरात मोडली.

एप्रिलमध्ये मेरिलने आईकडून झेंडा मागून नेला होता. "राज्याच्या राजधानीत, ऑगस्टाला, मोर्चा आहे, मच्छीमारांचा. जरा मिरवतो," एवढंच तो म्हणाला होता. आईने दिला. पुढच्या रविवारी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो आला. विधानभवनाच्या पायऱ्या, हजारभर माणसं, आणि मधोमध मेरिल थर्लो, डोक्यावर आईचं झाड. शेजारी तसलेच विकत घेतलेले झेंडे, आणि त्याच्या भोवती अशी माणसं की ज्यांची भाषणं ऐकून लिडियाने टीव्ही बंद केला असता. तिने भावाला फोन केला, दोघं दहा मिनिटं ओरडले, आणि मग तीन महिने शांतता.

अल्थिया थर्लो काठी टेकत बाहेर आली. त्र्याऐंशी वर्षांची बाई, बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पण पाठ अजून ताठ. मेरिलने गुंडाळं लांब टेबलावर ठेवलं आणि उलगडलं.

झाड होतं तसंच होतं. पण झाडाच्या खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, काळ्या कापडाची सोळा मोठी इंग्रजी अक्षरं शिवलेली होती. आता दाद देवाकडेच, अशा अर्थाची.

लिडियाच्या मांडीवरून दोनचार वाटाणे घरंगळले.

"हे काय?" अल्थियाने विचारलं.

"अक्षरं, आई."

"अक्षरं दिसतात मला. डोळे अधू झालेत, आंधळी नाही झाले."

"मूळच्या झेंड्यावर होती ती," मेरिल म्हणाला. तो घाईघाईने बोलत होता, लहानपणी काच फोडल्यावर बोलायचा तसा. "सतराशे पंचाहत्तरला. स्वातंत्र्याच्या लढाईतल्या पहिल्या गलबतांवर हेच झाड आणि हेच शब्द. मी मनाचं सांगत नाही. विचार तुझ्या मास्तरीण लेकीला."

"होते," लिडिया म्हणाली. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणता आलं असतं? "होतेच. आणि का होते, तेही सांग ना. इंग्लंडच्या राजाची माणसं इथल्या जंगलात येऊन उंच पाइनच्या खोडांवर बाण कोरायची. ते झाड राजाचं, त्याच्या डोलकाठ्यांसाठी. ज्याच्या जमिनीत उगवलं त्याने हात लावायचा नाही. लोकांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, कुणी ऐकलं नाही. तेव्हा ते म्हणाले, आता खाली दाद मागायला जागा नाही. म्हणजे काय, तर बंदुका काढल्या. तुला बंदुका काढायच्यात, मेरिल?"

"मला माझे पिंजरे टाकायचेत! कुठल्याशा कचेरीत बसून कुणीतरी नकाशावर रेघ मारतो, इथून पुढे देवमासे फिरतात, तुमच्या पिंजऱ्यांच्या दोरांत अडकतील, येऊ नका. ज्या पाण्यात आजोबा होते, पणजोबा होते, तिथे मी गेलो की मी गुन्हेगार. हा बाण कोरणं नाही तर काय आहे?"

यात तथ्य आहे हे लिडियाला कळत होतं, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

"आणि पाच वर्षांपूर्वी जानेवारीत देशाच्या संसदेच्या पायऱ्यांवर हाच झेंडा नाचवत जे आत घुसले, ते?"

"मी होतो तिथे?"

"तू नव्हतास. पण माझ्या वर्गातल्या पोरांनी ती चित्रं पाहिलीत. मी फळ्यावर हे झाड काढलं की निम्मा वर्ग हसतो आणि निम्मा माझ्याकडे असा बघतो, की बाई, तुम्ही पण त्यातल्याच का? तू आईचं झाड त्यांना देऊन टाकलंस."

"आणि तू ते त्यांचंच आहे असं ठरवून टाकलंस. चारदोन माणसांनी हातात घेतलं की संपलं? मग उद्या त्यांनी पाव खाल्ला तर तू पाव सोडणार?"

टॅमसिनला हसू आलं. तिने ते दाबलं आणि आत्याची बाजू घेतली. "बाबा, तरी आजीला विचारायला हवं होतं. मी बोटीवरसुद्धा तेच म्हणाले. हिच्या हातचं काम आहे, तुम्ही परस्पर..."

"तेच तर," लिडिया म्हणाली.

"बरं, आता उद्याचं काय करायचं ते ठरवा," टॅमसिन म्हणाली, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा मिरवणुकीचा छापील क्रम आला आज. मी वाचला तेव्हा मला वाटलं, चूकच झाली असेल. यात सगळ्यात पुढे शाळेचा बँड आहे. आपलं नावच नाही कुठे."

लिडियाने वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. चेहरा गरम झाल्याचं तिला जाणवत होतं.

"चूक नाही ती," ती म्हणाली. "सोमवारी मी समितीला कळवलं, की यंदा थर्लोंचा झेंडा येणार नाही."

"कुणाला विचारून?" अल्थियाने विचारलं.

"कुणालाच नाही."

"आत्या!" टॅमसिन तिच्यापासून दूर सरकली. "आणि मी इथे बाबांना ऐकवतेय!"

मेरिल ओरडला असता तर बरं झालं असतं, असं लिडियाला वाटलं. तो नुसता बघत होता आणि त्या बघण्यात विजय नव्हता, हे तिला जास्त टोचलं.

अल्थिया खुर्चीत बसली. तिने दोन्ही पोरांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एकाने त्याच्यावर शिवून ठेवलं, दुसरी त्याला कपाटात कोंडायला निघाली. मी अजून मेले नाही, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही."

"आई, तसं नाही गं..."

"तसंच आहे. बसा दोघं. मेरिल, तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल. खाडीत तेल शुद्ध करायचा कारखाना येणार होता. आम्ही सातजणी याच टेबलाशी बसायचो. हे झाड शिवून तासात झालं. पण त्याच्या खाली काय लिहायचं, यावर तीन आठवडे भांडलो. ग्रेस बीलला हेच शब्द हवे होते, मेरिलने आणलेत तेच. देवाचं नाव असल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही, म्हणाली. हॅना लिस्कम म्हणाली, देवाचं नाव असेल तर ही मी निघाले घरी. तिसरीला दुसऱ्या एका जुन्या झेंड्यावरचा साप हवा होता, माझ्यावर पाय देऊ नका म्हणणारा. शेवटी तुमच्या बापाने दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, बायांनो, झाडावर तरी एकमत आहे ना? मग झाडच राहू द्या की."

तिने काठी मांडीवर आडवी घेतली.

"म्हणून ग्रेस आली आणि हॅनाही आली. लोक आम्हाला कम्युनिस्ट म्हणायचे, तोंडावर. मार्चच्या गावसभेत पंधरा मतांनी जिंकलो. पंधरा. त्या दोघींपैकी एक घरी बसली असती, तर तिच्यामागची वीस माणसं घरी बसली असती. तिथे शब्द नाहीत ते विसरल्यामुळे नाहीत असं वाटलं का रे तुला?"

"मला हे कधी कुणी सांगितलंच नाही," मेरिल म्हणाला.

"नाही सांगितलं. ती माझी चूक." अल्थियाने वाकड्या बोटाने एका अक्षराची कड चाचपली. "कुणी शिवली ही?"

"वर्ना कोल्बेथ म्हणून आहे. वरच्या गावची. शाळेची बस चालवते."

"हात चांगला आहे. टाका बघ, एकसारखा. तुमच्या बापाने आपल्या शिडांच्या दुकानात नोकरीला ठेवली असती शिडं शिवायला." तिने कापड सोडलं. "हे मी उसवणार. पण दुसऱ्या बाईचं काम तिच्या पाठीमागे उसवायचं, हे मला जमायचं नाही. फोन कर तिला."

"आत्ता? आई, मासा ओव्हनमध्ये आहे."

"मासा कुठे पळून जात नाही."

वर्ना कोल्बेथ तासाभरात आली. लिडियाने मनात तिच्यासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली धारदार, वर्गात वापरता येतील अशी. पण गाडीतून उतरली ती साठीची एक ठेंगणी बाई, इस्त्री केलेला निळा सदरा घातलेली, हातात घरी भाजलेल्या रुबार्बच्या गोड ‘पाय’चं झाकलेलं भांडं घेतलेली. बोलावलंय म्हणजे कौतुकच असणार, अशा समजुतीने ती आली होती. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"थर्लोबाई, मला इतकं बरं वाटलं," ती म्हणाली. "मेरिल म्हणाला होता, आईच्या हातचं आहे. म्हणून मी मशीनवर नाही केलं. हाताने केलं सगळं."

"दिसतंय मला. बस, वर्ना. शिवण उत्तम आहे. म्हणूनच तुला बोलावलं, नाहीतर मी आपली कात्री घेऊन मोकळी झाले असते. मला ही अक्षरं काढायची आहेत."

वर्नाने हातातलं भांडं टेबलाच्या कडेला ठेवलं. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"मी काही चुकीचं लिहिलं का?"

"नाही."

"मग तुम्ही आमच्या विरुद्ध आहात. मेरिलने तसं सांगितलं नव्हतं." तिने लिडियाकडे पाहिलं. "या बाईंनी सांगितलं असेल. मी ओळखते यांना. माझ्या बसमधली मुलं यांच्या वर्गात असतात."

"मला कुणी शिकवलेलं नाही," अल्थिया म्हणाली. "तू का लिहिलंस ते मला सांग. मला खरंच ऐकायचंय."

वर्ना उभ्याउभ्याच बोलू लागली.

"माझा वेस्ली. कागद कारखान्यात त्याची पाठ गेली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग जास्त गोळ्या दिल्या. मग डॉक्टर दुसरीकडे गेला आणि गोळ्यांची सवय मागे राहिली. एकतिसाव्या वर्षी गेला माझा मुलगा. मी कुठे कुठे गेले सांगू? त्या डॉक्टरच्या वरच्या लोकांकडे गेले. वकिलांकडे गेले. आमदाराच्या कचेरीत चार वेळा गेले. सगळे चांगलं बोलायचे, कॉफी द्यायचे, आणि शेवटी एकच वाक्य. हे आमच्या हातात नाही. मग कुणाच्या हातात आहे, ते तरी सांगा! ऑगस्टाला त्या मोर्चात मी बहिणीबरोबर सहज गेले होते. कुणीतरी माझ्या हातात हे शब्द छापलेला कागद दिला. मला तो राजा आणि गलबतं काही ठाऊक नव्हतं, थर्लोबाई. मी वाचलं आणि मला वाटलं, हे तर माझंच आहे."

लिडियाने जुळवून ठेवलेली वाक्यं आता तिची तिलाच ऐकवत नव्हती. वेस्ली कोल्बेथ. मागच्या बाकावर बसायचा, पेन्सिलीने बोटी काढायचा. बसवाली वर्ना ही त्याची आई, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वेस्ली माझ्या वर्गात होता," ती म्हणाली.

"होता ना," वर्ना म्हणाली. "तुम्ही आला नाहीत त्याच्या मातीला."

लिडियाने मान खाली घातली.

"हे शब्द तुझे आहेत," अल्थिया म्हणाली. "त्यांवर तुझ्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नसेल. पण माझी एक मैत्रीण या झाडाखाली चालली, हॅना. तिचा देवावर विश्वास नव्हता. सहा वर्षं झाली ती जाऊन. आता मी तिला विचारू शकत नाही, आणि तिला न विचारता तिच्या डोक्यावर हे लिहू शकत नाही."

"म्हणजे तिला जागा आहे, मला नाही."

"तुलाही आहे. म्हणून तर काढायचं."

"हे मला पटत नाही."

"नको पटू दे. माझी बोटं चालत नाहीत. कात्री घेशील का?"

वर्ना जाईल, असंच सगळ्यांना वाटलं. ती पायऱ्यांपर्यंत गेलीही. मग परत आली, खुर्ची ओढून बसली आणि आपल्या पिशवीतून छोटी टोकदार कात्री काढली.

"दुसऱ्या कुणी काढलं तर कापड फाडतील," ती रागानेच म्हणाली.

शेवटच्या अक्षरापासून तिने सुरुवात केली. एकेक टाका उचलायचा, कापायचा, दोरा चिमटीने ओढायचा. थोड्या वेळाने लिडिया आतून दुसरी कात्री घेऊन आली आणि पहिल्या अक्षरापासून उसवू लागली. मेरिल कठड्याशी उभा होता. कापडाला सुरकुत्या पडताहेत हे बघून तो पुढे झाला आणि त्याने कड धरली.

"ओढून धर," लिडिया म्हणाली.

"धरलंय."

"जास्त नको, झाड ओढलं जातंय."

"तू उसव ना, मी धरतो."

टॅमसिन दोघांकडे बघत कापलेल्या दोऱ्यांचा गोळा करत राहिली. आत्यावर ती अजून रागावलेली होती, आणि बापावरचा राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. ओव्हनमधला मासा सुकून गेला. उन्हं कलली तेव्हा सोळाही अक्षरं निघाली, पण कापड पहिल्यासारखं झालं नाही. जाड शिडाच्या कापडाला सुईची भोकं पडली होती आणि काळ्या कापडाखाली झाकलेला भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होता. जवळून पाहिलं तर सगळं वाचता येत होतं.

"हे काही धुऊन जायचं नाही," वर्ना म्हणाली.

"नाही जायचं," अल्थिया म्हणाली. "राहू दे. जेवायला थांबतेस?"

"नको. उद्या मी माझ्या लोकांबरोबर असेन, थर्लोबाई. आमच्या झेंड्यांवर शब्द असतील."

"असू देत की."

ती गेल्यावर अल्थियाने लिडियाकडे पाहिलं. "समितीला फोन तू करायचास. आणि मी सांगितलं म्हणून नाही, तुझी चूक झाली म्हणून."

लिडियाने फोन केला. बँडवाल्यांना पुन्हा मागे सरकावं लागलं.

चार जुलैला सकाळी दहालाच ऊन चटका देत होतं. झेंड्याची काठी मेरिलने धरली होती. त्याच्या उजवीकडे काठी टेकत आई, डावीकडे लिडिया, मागे टॅमसिन, आणि तिच्यामागे शाळेचा बँड. दोन्ही बाजूंनी अख्खं गाव उभं होतं. दरवर्षी हा झेंडा आला की टाळ्या पडायच्या. आज त्या तुटक पडल्या. औषधांच्या दुकानासमोर कुणीतरी ओरडलं, "मेरिल, शब्द कुठे गेले रे? घाबरलास?" आणि दहा पावलांवर लिडियाच्या शाळेतल्या दोन सहकारी बायांनी झेंडा बघून तोंड फिरवलं. त्यातली एक तिच्या शेजारी बसून रोज डबा खायची. काल हे उसवून लिडियाने काय मिळवलं होतं? एका बाजूला शब्द हवे होते, दुसऱ्या बाजूला झाडच नको होतं.

"सरळ बघ," मेरिल ओठ न हलवता म्हणाला. "मीही तेच करतोय."

ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर वर्नाचे लोक उभे होते. बारापंधरा माणसं, मिरवणुकीत नसलेली, हातात दुकानातले पांढरे झेंडे, हिरवं झाड आणि खाली ठळक शब्द. वर्ना कडेला होती, तोच निळा सदरा. तिने अल्थियाकडे पाहिलं आणि झेंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

अल्थिया थांबली.

ती थांबली म्हणून मेरिल थांबला. टॅमसिन त्याच्या पाठीवर आदळता आदळता वाचली. बँडमधला एक ट्रॉम्बोन दोन सूर जास्त वाजवून बंद पडला. मागे अग्निशमनाच्या गाडीने भोंगा दिला. "काय झालं? काय झालं?" असं मागे मागे जात राहिलं.

"आई, चल ना," मेरिल पुटपुटला. "काय करतेस?"

"थांबलेय," अल्थिया म्हणाली. बाकी काही नाही. तिने वर्नाला खूण केली नाही, हाक मारली नाही. नुसती तिच्याकडे बघत काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

अर्धं मिनिट गेलं. वर्नाच्या शेजारचा माणूस तिच्या कानाशी काहीतरी बोलला. वर्नाने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पाय मात्र तिने उचलला नाही. सगळा रस्ता बघत होता. तोंड फिरवलेल्या त्या दोघी आता मान उंच करून बघत होत्या, आणि आपण वर्नाच्या मुलाच्या मातीला गेलो नाही, हे लिडियाला अख्ख्या रस्त्यासमोर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं तसं ऐकू येत होतं.

ती ओळ सोडून निघाली. रस्ता ओलांडून थेट वर्नासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"मी तुमच्या बाजूची नाही," वर्नाच आधी म्हणाली.

"माहीत आहे मला. मीही तुमच्या बाजूची नाही," लिडिया म्हणाली आणि हात पुढे केला. "पण आई उन्हात उभी आहे. तुम्हाला घेतल्याशिवाय ती हटायची नाही. चला."

वर्नाने हातातला झेंडा शेजारच्या माणसाकडे दिला आणि फुटपाथवरून खाली उतरली.